जादू शिकणाऱ्या मुलाला काय मिळतं?

तुळजापूरची भवानी ज्यांची कुलदेवता आहे, त्या घरांत लग्नकार्य पार पडलं की गोंधळ घातला जातो. चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमू लागतो आणि रात्र चढत जाते. आख्यान रंगात आलं की काही जाणते गोंधळी मध्येच एक वेगळा खेळ करून दाखवतात. एक गोंधळी पाहुण्यांमध्ये जातो. कुणीतरी त्याच्या कानात एक नाव सांगतं. त्याचा साथीदार लांब उभा असतो, त्याला काहीही ऐकू गेलेलं नसतं. पहिला तोंडातून अवाक्षर काढत नाही, फक्त हात हलवतो, बोटं मिटतो, उघडतो. आणि दुसरा ते नाव काना-मात्रेसह बोलून दाखवतो.

ही करपल्लवी. डोळ्यांच्या खुणांनी केली तर नेत्रपल्लवी. गोंधळ्यांमधल्या दोन मुख्य शाखांपैकी रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक, तर कदमराई तुळजाभवानीचे. त्यामुळे तुळजापूर ज्यात येतं त्या धाराशिव जिल्ह्यात ही विद्या परकी नाही. शिवकाळात हेर या खुणांचा वापर करत, असंही सांगितलं जातं. मला मात्र तिचं मोल त्या दंतकथेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. शेकडो डोळे रोखलेले असताना दोन माणसं न अडखळता हा खेळ पार पाडतात, आणि त्यांना ते धाडस कुणी उपदेश करून दिलेलं नसतं. ते त्यांच्या तयारीतून आलेलं असतं. जादू शिकल्याने आत्मविश्वास वाढतो का, या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात इथूनच करावी.

प्रत्येक घराण्याच्या खुणा वेगळ्या आणि त्या त्यांच्या पोटापाण्याची पुंजी. त्या उघड करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण अशी सांकेतिक भाषा मुळात शक्य कशी होते, हे समजून घ्यायला हरकत नाही, कारण तिचं रहस्य पहिलीच्या पुस्तकात छापलेलं आहे. आपली वर्णमाला वर्गांत बांधलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग आणि प्रत्येकात पाच अक्षरं. उत्तर भारतात करपल्लवीची जी जुनी रीत चालत आली आहे, तिच्यात प्रत्येक वर्गाला हाताची एक मुद्रा ठरलेली असते. सापाच्या फण्याची मुद्रा म्हणजे स्वर, कमळाची म्हणजे क-वर्ग, चक्राची म्हणजे च-वर्ग, पालवीची म्हणजे प-वर्ग. मुद्रेनंतर जितकी बोटं दाखवायची तितकं त्या वर्गातलं अक्षर, आणि चुटकी वाजवून मात्रा. समजा ‘कमल’ सांगायचं आहे. कमळाची मुद्रा आणि एक बोट, झाला क. पालवीची मुद्रा आणि पाच बोटं, झाला म. य-वर्गाची मुद्रा आणि तीन बोटं, झाला ल. आठ-दहा मुद्रा, बोटांची मोजणी आणि चुटक्या एवढ्या भांडवलावर भाषेतला कुठलाही शब्द हातांनी बोलता येतो.

तत्त्व कळायला पाच मिनिटं पुरतात. ते हातात बसायला मात्र वर्षं जातात, कारण वेग हवा, संबळाच्या तालात ते लपायला हवं आणि साथीदाराचं लक्ष क्षणभरही ढळता कामा नये. कळणं आणि बसणं यांच्यातलं हे अंतर जो कापतो, तो आतून बदलतो.

पॅरिसमध्ये १८४६ साली जाँ-युजीन रोबेर-हुदँ नावाच्या घड्याळजी जादूगाराने आपल्या मुलाला, एमिलला, डोळे बांधून रंगमंचावर बसवलं. स्वतः प्रेक्षकांत फिरून तो लोकांच्या हातातल्या वस्तू उचलायचा आणि एमिल त्या ओळखायचा. पॅरिस त्या प्रयोगाने वेडावून गेलं. पुढे रोबेर-हुदँने आठवणींत लिहून ठेवलं की ही तयारी खेळण्यांच्या दुकानासमोरून चालत झाली. बापलेक काचेसमोरून जायचे, एक नजर टाकायचे आणि पुढे जाऊन दिसलेल्या वस्तूंची यादी कागदावर उतरवायचे. हळूहळू मुलगा बापाला मागे टाकू लागला. आपल्या गोंधळ्यांच्या परंपरेची आणि या प्रयोगाची काहीच ओळख नव्हती, तरी घडण एकच दिसते. दोन माणसं, एक संकेत, अफाट स्मरण आणि एकमेकांवरचा पूर्ण भरवसा.

आता आपल्या शाळांकडे वळू. मुलांना ‘स्टेज डेअरिंग’ यावं म्हणून आपण काय करतो? पंधरा ऑगस्टला किंवा सव्वीस जानेवारीला एखाद्या मुलाला भाषण पाठ करायला देतो. ‘आदरणीय व्यासपीठ’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत तो ते एका श्वासात म्हणतो. मध्ये एक ओळ विसरली की सगळं कोसळतं, कारण पाठांतराला दुसरा आधार नसतो. ज्याला जमलं त्याला दरवर्षी बोलावलं जातं, ज्याला जमलं नाही तो पुन्हा माईकजवळ जात नाही. या मुलांमध्ये धाडस नसतं असं मला अजिबात वाटत नाही. आपण त्यांना चढायला पायऱ्या दिलेल्या नसतात.

पायऱ्यांचं हे महत्त्व अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली सिद्धान्त म्हणून मांडलं. ‘हे काम मला जमेल’ ही खात्री माणसाला कुठून येते, असा त्याचा प्रश्न होता. त्याने चार उगम सांगितले. स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर, आणि घाबरल्यावर शरीरात जे होतं त्याचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत बळकट पहिला, म्हणजे करून मिळालेलं यश. बांडुराने सापाला घाबरणाऱ्या माणसांसोबत काम केलं होतं. दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं पाहण्यापेक्षा, एकेक टप्पा पुढे सरकत प्रत्यक्ष साप हाताळायला मिळाला तेव्हा त्यांची भीती जास्त ओसरली. ‘घाबरू नकोस’ हे शब्द मुलाच्या पाठीवर हात ठेवून कितीही प्रेमाने म्हटले, तरी ते तिसऱ्या क्रमांकाचं औषध आहे.

जादूचा एक छोटा प्रयोग हे चारही उगम एकाच वेळी उघडतो, असं माझं मत आहे, आणि त्यासाठी नाण्याचा सगळ्यांत जुना प्रयोग बारकाईने पाहू.

उजव्या हातातलं रुपयाचं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं, प्रत्यक्षात ते उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातच ठेवायचं, डावी मूठ मिटायची, फुंकर मारायची आणि मूठ उघडून दाखवायची. सांगायला इतकंच. पण नवखा मुलगा आरशासमोर उभा राहिला की त्याला लगेच तीन गोष्टी दिसतात. उजवा हात ताठ झालेला असतो, कारण त्यात चोरी आहे. नजर पुन्हापुन्हा त्या हाताकडे जाते. आणि सगळं फार घाईत उरकलं जातं. जाणते जादूगार यावर एकच उपाय सांगतात. आधी नाणं खरोखर डाव्या हातात दे, वीस-पंचवीस वेळा दे, आणि तेव्हा तुझा हात, खांदा, मान, डोळे काय करतात ते बघ. मग खोटं देताना अगदी तेच कर. खऱ्या वागण्याचा इतका बारीक अभ्यास मुलाने एरवी कधी केलेला नसतो. आपण सहज असताना कसे दिसतो हे त्याला पहिल्यांदा कळतं आणि ती सहजता हवी तेव्हा आणता येते, हेही कळतं.

नजरेचं महत्त्व प्रयोगशाळेतही तपासलं गेलं आहे. गुस्ताव कून हा स्वतः जादूगार असलेला मानसशास्त्रज्ञ. त्याने मायकेल लँड यांच्याबरोबर २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवून झेलतो, तिसऱ्या वेळी फक्त उडवल्याचा आव आणतो आणि चेंडू हातातच लपवतो. त्या वेळी तो वर बघत असेल, तर पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना चेंडू वर जाताना ‘दिसतो’. तो हाताकडे बघत असेल, तर फसणाऱ्यांची संख्या बरीच घटते. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या तेव्हा कळलं की चेंडू कुठे असेल याचा माग काढण्यासाठी त्यांचे डोळे जादूगाराच्या चेहऱ्याकडे जात होते. लोक तुमच्या नजरेच्या मागे जातात. मुलाखतीला, वर्गापुढे किंवा ग्रामसभेत बोलायला उभ्या राहिलेल्या कुणालाही उपयोगी पडेल असं हे ज्ञान आहे, आणि नाण्याच्या प्रयोगात ते आपोआप अंगात मुरतं. जमिनीकडे बघत जादू करता येत नाही.

आता पहिला प्रयोग. मुलगा घरी आजीसमोर किंवा धाकट्या बहिणीसमोर उभा राहतो. छातीत धडधडतं, हात घामेजतात, आणि त्याला वाटतं की नाणं कुठे आहे हे सगळ्यांना स्पष्ट दिसतंय. मूठ उघडते, ती रिकामी असते, आणि समोरचा चेहरा खरोखर चकित होतो. या एका क्षणात मुलाला जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही. आपल्या आतली धडधड बाहेर दिसत नाही.

मानसशास्त्रात याला पारदर्शकतेचा भ्रम म्हणतात. आपल्या मनातलं समोरच्याला दिसतंय, असं माणसाला प्रत्यक्षापेक्षा फार जास्त वाटतं. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि केनेथ सॅवित्स्की यांनी यावर पुष्कळ काम केलं. त्यांच्या २००३ सालच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना छोटी भाषणं करायला सांगितली होती. त्यांतल्या काहींना आधी समजावून दिलं की तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी श्रोत्यांना दिसत नसते. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांची भाषणं, त्यांच्या स्वतःच्या आणि ऐकणाऱ्यांच्याही मते, जास्त चांगली झाली. नुसतं सांगूनही फरक पडला. जादू शिकणारा मुलगा तर याचा पुरावा हातात घेऊन उभा असतो. त्याच्या दुसऱ्या हातात नाणं आहे आणि ते कुणालाही दिसलेलं नाही. जे उघडं पडलंय असं वाटत होतं ते गुपितच राहिलं, तसाच घामही.

बांडुराचा चौथा उगम तो हाच. धडधड म्हणजे ‘मला जमणार नाही’ ही सूचना, असा अर्थ मुलगा आजवर लावत आला होता. आता तीच धडधड प्रयोग सुरू होण्याआधीची तयारी वाटू लागते.

सगळ्यांचे हात चपळ नसतात आणि त्याने काही बिघडत नाही. अशा मुलांसाठी आपल्याकडे एक मोठा आधार आहे, नाशिकजवळच्या देवळालीचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक होते. विद्यापीठातलं पद नाही, मोठी पदवी नाही, पण आकड्यांचं जबरदस्त वेड. त्यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच अडकता. २०१३ घेऊन पाहा. ३२१० वजा ०१२३ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४.

ही संख्या चिठ्ठीवर आधीच लिहून कुणाच्या तरी खिशात ठेवली, की वर्गातल्या सगळ्यांत लाजऱ्या मुलीच्या हातात एक पूर्ण प्रयोग आला. तिने फळ्याजवळ उभं राहायचं, कुणालाही संख्या सांगायला लावायची, आकडेमोड दुसऱ्याकडून करून घ्यायची आणि शेवटी चिठ्ठी उघडायला सांगायची. तिला चुकायला फारशी जागाच नाही, कारण वजाबाकी तिच्या बाजूने उभी आहे. तीन अंकी संख्येचा १०८९ हा प्रयोगही असाच. पहिला आणि शेवटचा अंक वेगळा असलेली संख्या घ्यायची, उलटवून लिहायची, मोठीतून लहान वजा करायची, आलेलं उत्तर पुन्हा उलटवून त्यातच मिळवायचं. बेरीज १०८९. कारण पहिल्या वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येतं. ०९९, १९८, २९७ असं पुढे बघत गेलं तर मधला अंक कायम ९ आणि कडेच्या दोघांची बेरीज ९. फक्त ९९ आलं तर ते ०९९ असं लिहायचं, एवढं लक्षात ठेवावं लागतं. का होतं हे समजलेलं असलं की प्रयोग करणाऱ्याच्या आवाजात आपोआप ठामपणा येतो. कापरेकरांच्या कामाची ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात जगाला करून दिली, आणि हे गार्डनर स्वतः हौशी जादूगार होते, गणिती जादूवर पुस्तक लिहिलेले. गणिताचा धसका घेतलेल्या मुलांसाठी यापेक्षा सुंदर दार मला माहीत नाही.

जादूचा उपयोग रुग्णालयांतही झाला आहे. अमेरिकेत डेव्हिड कॉपरफील्ड या प्रसिद्ध जादूगाराने १९८२ साली एक प्रकल्प सुरू केला. आजारातून किंवा अपघातातून उठलेल्या लोकांना हाताच्या व्यायामाऐवजी छोटे जादूचे प्रयोग शिकवायचे, अशी त्यामागची कल्पना. इंग्लंडमध्ये ‘ब्रीद मॅजिक’ या कार्यक्रमात शरीराची एक बाजू कमजोर असलेली मुलं दोन आठवड्यांच्या शिबिरात येतात. त्यांना रोजच्या कामात दोन्ही हात एकत्र वापरणं अवघड जातं. बटण लावणं, डबा उघडणं, बुटाची नाडी बांधणं यासाठी ती घरच्यांवर अवलंबून असतात. जादूचे बहुतेक प्रयोग दोन हातांशिवाय होतच नाहीत. दोरीला गाठ मारायची, डबी उघडायची, पत्ते पंख्यासारखे पसरायचे. कंटाळवाणा व्यायाम म्हणून जे टाळलं जायचं, तेच प्रयोग म्हणून तासन्‌तास केलं जातं, आणि शेवटी मुलं प्रेक्षकांसमोर खेळ करतात. यावरच्या अभ्यासांत मुलांच्या दोन्ही हातांच्या वापरात सुधारणा आढळली आहे. या कार्यक्रमातली मला सर्वांत भावलेली बाब वेगळी आहे. ज्या मुलांना आयुष्यभर दुसरे मदत करत आले, त्यांना पहिल्यांदा असं काही येतं जे समोरच्या धडधाकट माणसाला येत नाही.

अर्थात जादू हे सगळ्या दुखण्यांवरचं रामबाण आहे असं कुणी म्हणत असेल तर ते मान्य करू नये. रिचर्ड वाइजमन आणि कॅरोलाइन वॉट यांनी २०१८ साली अशा उपक्रमांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शरीर आणि मनाचं आरोग्य, शिकण्याची ओढ, लोकांत मिसळणं अशा बाबतींत त्यांना आशादायक गोष्टी दिसल्या, पण बरेच अभ्यास लहान होते आणि अधिक काटेकोर तपासणी हवी, असंही त्यांनी नोंदवलं. वाइजमनही मुळात जादूगार. आपल्या आवडत्या विषयाबद्दल त्यांनी राखलेला हा संयम शिक्षकांनी आणि पालकांनीही राखावा. खूप घाबरणाऱ्या, बोलणंच बंद झालेल्या मुलाला आधी जाणकाराची मदत लागते. पत्त्यांचा जोड हातात दिला की भागलं, असं होत नाही.

मराठी मुलखात जादूला घराघरात मान मिळवून देणारा माणूस म्हणजे जादूगार रघुवीर. रघुवीर भोपळे, जन्म १९२४, चाकणजवळच्या आंबेठाणचे. गरिबीतून वर आलेला हा मुलगा पुण्यात शिकला, रस्त्यावर खेळ करणाऱ्यांची विद्याही त्याने हलकी मानली नाही, आणि पुढे मराठीतून खुसखुशीत बोलत देशोदेशी प्रयोग केले. त्यांच्या प्रवासवर्णनाचं नावच ‘प्रवासी जादूगार’. १९८४ साली ते गेले. त्यांच्यामागे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी रंगमंच सांभाळला. रघुवीरांच्या प्रयोगात निवेदनाला हातचलाखीइतकंच स्थान होतं. यंत्रं आणि पेट्या विकत मिळतात, पण लोकांना हसवत, त्यांच्याशी बोलत, वेळ सांभाळत पुढे नेण्याची कला स्वतःच कमवावी लागते. आत्मविश्वास शोधणाऱ्या मुलाने जादूगाराच्या हातांबरोबर त्याचं बोलणंही ऐकावं ते यासाठी.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय मांडताना एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. हा तुळजाभवानीचा, येरमाळ्याच्या येडेश्वरीचा, तेरच्या संत गोरोबाकाकांचा जिल्हा. इथे श्रद्धा खोल आहे, आणि जिथे श्रद्धा खोल तिथे तिचा फायदा घेणारेही पोहोचतात, हे महाराष्ट्रात सगळीकडेच घडत आलं आहे. हवेतून विभूती काढणारा, नारळ मंत्राने पेटवणारा बाबा जी करामत करतो ती हातचलाखी आणि रसायनशास्त्रच असते. नारळाच्या शेंडीत पोटॅशियम परमँगनेट लपवलेलं असतं, ‘तीर्थ’ म्हणून शिंपडलेलं असतं ग्लिसरीन. दोन्ही एकत्र आले की काही क्षणांत उष्णता वाढून ज्वाळा उठते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी असे चमत्कार गावोगावच्या शाळांत करून दाखवले आणि लगेच त्यामागचं विज्ञान उलगडलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं त्या कायद्याने गुन्हा आहे.

जादू शिकणाऱ्या मुलाला हा फरक पहिल्या दिवशी सांगितला पाहिजे, आणि मोठ्यांनी तो स्वतः पाळला पाहिजे. ‘ही हातचलाखी आहे, मी ती सरावाने शिकलो आहे’ असं म्हणून प्रयोग सुरू करणाऱ्या मुलाला प्रेक्षकांची खरी दाद मिळते. ‘माझ्या अंगात शक्ती आहे’ म्हणणाऱ्याला दबदबा मिळतो, पण तो उघडं पडण्याच्या भीतीवर उभा असतो. ज्याला रोज काहीतरी लपवावं लागतं त्याचा धीर टिकत नाही. मेहनतीचं श्रेय मेहनतीला देणाऱ्याचा धीर मात्र वाढत जातो, कारण आज जमलेलं उद्या आणखी चांगलं जमेल हे त्याला माहीत असतं. शिवाय अशी मुलं मोठी झाली की बाबांच्या करामतीला सहजी भुलत नाहीत. मूठ मिटताना दुसरा हात कुठे होता, हे बघायची सवय त्यांच्या डोळ्यांना लागलेली असते.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोललं पाहिजे. जादूच्या रंगमंचावर बाईची जागा पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहिली. तिला कापलं गेलं, हवेत तरंगवलं गेलं, गायब केलं गेलं, पण जादूगाराची कांडी तिच्या हातात क्वचित आली. वयाच्या सातव्या वर्षी रंगमंचावर उभी राहिलेली सुहानी शाह आज देशभर ओळखली जाते, त्यामुळे मुलींना समोर उदाहरण आहे. आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहणं हा बांडुराचा दुसरा उगम इथे कामाला येतो. शाळेत जादूचा तास ठेवला तर पहिला प्रयोग मुलीने करावा, मुलगा तिचा मदतनीस असावा. ‘कुणीतरी एक जण पुढे या’ असं तिने म्हणावं आणि वर्गाने तिचं ऐकावं. हा अनुभव तिला फार दूर नेतो.

भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत आठ तालुक्यांचा हा जिल्हा. नीती आयोगाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत हाही होता. इथली मुलं बारावीसाठी लातूरला, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जातात. अभ्यासात ती कमी नसतात. अडतं ते मुलाखतीत, गटचर्चेत, अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य बोलताना. त्यांच्यासाठी काही करायचं तर जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याला खर्च जवळजवळ शून्य आहे. एक नाणं, हातभर दोरी, पत्त्यांचा जोड, खडू आणि फळा पुरतात. रसायनांची हौस असेल तर आग टाळून सुरुवात जास्वंदीच्या फुलाने करावी. सुरीच्या पात्यावर फूल चोळून वाळवायचं आणि लिंबू कापायचं, आंबट रसाने तो रंग लालभडक होतो आणि लिंबातून रक्त आल्याचा भास होतो. हळदीत चुना मिसळला की लाल रंग येतो. कुंकू तयार करण्याची आपली पारंपरिक रीत यावरच उभी आहे. सुरी मात्र शिक्षकांनीच हाताळावी. पेटता कापूर, नारळ, जिभेतून आरपार गेलेला त्रिशूळ हे प्रकार मुलांच्या हाती अजिबात देऊ नयेत, मग त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

क्रम चुकवू नये, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. एका मुलाला एकच प्रयोग द्यावा. तो आधी आरशासमोर, मग घरात एका माणसासमोर, मग दोन मित्रांसमोर, मग वर्गात आणि शेवटी गॅदरिंगला व्हावा. दहा प्रयोग अर्धवट शिकलेल्या मुलापेक्षा एक प्रयोग मुरलेला मुलगा जास्त शांत उभा राहतो. मध्ये प्रयोग फसतो, फसणारच. नाणं खाली पडतं, वजाबाकी चुकते. तेव्हा काय बोलायचं हेही आधी शिकवून ठेवावं. ‘थांबा, पुन्हा दाखवतो’ एवढं हसून म्हणता आलं तरी पुरे. पाठ केलेल्या भाषणात विसरलेल्या ओळीला जागा नसते, जादूत पडलेलं नाणं उचलून खेळ पुढे नेता येतो. प्रेक्षकांतून पुढे आलेल्या कुणाचीही फजिती होणार नाही, हा नियमही सुरुवातीलाच घालावा. दुसऱ्याला मूर्ख ठरवून मिळालेला दिमाख मुलाला एकटं पाडतो, आणि काही मुलं त्या वाटेने जाताना दिसली की शिक्षकांनी लगेच थांबवावं.

आणि जिथे शक्य आहे तिथे गावातल्या एखाद्या वयस्क गोंधळ्याला शाळेत सन्मानाने बोलवावं. त्याच्या घराण्याच्या खुणा त्याला विचारू नयेत. त्याने करपल्लवी करून दाखवावी, ती शिकायला किती काळ लागला ते सांगावं, पहिल्यांदा चौकात उभं राहिल्यावर काय वाटलं तेही सांगावं. मग मुलांनी वर्णमालेचा तक्ता समोर घेऊन जोडीजोडीने स्वतःची करपल्लवी बनवावी. वर्गांना कुठल्या मुद्रा द्यायच्या, मात्रांना काय, जोडाक्षराचं कसं करायचं, यावर त्यांचं भांडण होऊ द्यावं. आठवडाभर दिला तर बहुतेक जोड्या निदान तीन अक्षरी नाव एकमेकांना सांगू लागतील. ज्याला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते त्या मुलालाही यात भाग घेता येतो, कारण पहिले काही दिवस त्याला फक्त हातांनी बोलायचं असतं. नाव ओळखून मोठ्याने उच्चारायचं काम त्याच्याकडे साथीदार नंतर, त्याची तयारी झाली की, सोपवतो.